डिप्रेशनची गोळी चालू असलेल्यांनी आन त्यांच्या घरच्यांनी वाचावं असं (मेडिकलच्या काउंटरवरून)

काउंटरवाला

माझं मेडिकल आहे, तालुक्याच्या गावाला, लातूर आन बीडच्या मधी कुठंतरी समजा. गावाचं नाव टाकत नाही, इथं सगळे एकमेकाला ओळखतेत आन माझ्या गिऱ्हाइकानं हे वाचलं तर त्याला वाटंल त्याच्यावरच लिहिलंय.

विषय आसा की डिप्रेशनच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आजकाल रोज यायलेत. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, कधी व्हेनलाफॅक्सिन, आन म्हाताऱ्या माणसाच्या पायाची आग होते म्हून ॲमिट्रिप्टिलिन. येऊ द्या, त्यात वाईट काही नाही, पहिले हीच माणसं अंगारा लावून आन गंडा बांधून फिरायची. पण चिठ्ठी येते एकदाच आन माणूस येत राहतो वर्षवर्षभर, चिठ्ठी तीच, घड्या पडून पडून फाटायला आलेली, वरची तारीख सुद्धा घामानं पुसलेली. नाहीतर उलटं, पंधरा दिवसाच्या गोळ्या नेतो आन परत तोंड दाखवत नाही. रस्त्यात भेटल्यावर इचारलं की म्हणतो "फरक पडंना, सोडून दिल्या". दुसरा म्हणतो "फरक पडला, म्हून सोडून दिल्या". दोन्हीकडून सोडूनच देतेत बाप्पा!

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडं या गोळ्यांनी जे काही वंगाळ होतं ते बऱ्याचदा गोळीपेक्षा गोळीच्या मागं कुणी नसल्यानं होतं. चालू केल्यावर दोन आठवड्यांनी कुणी बघत नाही, बीपीवाल्या डॉक्टरला मनाच्या डॉक्टरच्या गोळ्या माहीत नसतेत, आन बंद करायची येळ आली की इचारायचं कुणाला तेच कळत नाही. ज्यांच्या घरी चालू आहेत त्यांनी लिहा. इथं कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी पण लिहा, मी काही डॉक्टर नाही, डी.फार्म आहे.

मांजराकाठ

बरं केलं धागा काढला. माझ्या मोठ्या भावाला चालू केल्यात नुकत्याच. सोयाबीन काढणीच्या वक्ताला पावसानं झोडपलं, त्याच्या आधीपासूनच गप गप राहायचा, रात्री दोनला उठून अंगणात चकरा मारायचा. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं चांगलं बोलले, एस्सिटॅलोप्राम दिली. आता झालंय काय की पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, आन छातीत धडधड उलट जास्तच. आई म्हणायली गोळ्यानंच येड लागंल, बंद कर. वहिनी म्हणती दम काढा. मी मधी लटकलोय. ह्या गोळीचा गुण यायला किती दिवस लागतेत ते कुणी सांगल का?

रेसिडेंट_ताई

मी मानसोपचार विभागात रेसिडेंट आहे, म्हणजे शिकाऊ तज्ज्ञ डॉक्टर, मराठवाड्यातल्याच एका मेडिकल कॉलेजात. कोणतं ते विचारू नका. आणि आधीच सांगते, इथं कुणाला डोस सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

मांजराकाठ, तुमच्या भावाला होतंय ते नेहमीचं आहे. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, थोडी बेचैनी हे पहिल्या एकदोन आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. जेवणावर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, आणि पूर्ण परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी येतो आणि फायदा मागून येतो, आणि आमच्या ओपीडीतून माणसं गळतात ती नेमकी याच मधल्या दिवसांत. म्हणून पहिल्या भेटीत हे सांगण्यात पाच मिनिटं गेली तरी चालतील असं माझं मत आहे, पण ओपीडीबाहेर रांग असते, सगळ्यांकडून सांगितलं जात नाही हे मान्य.

पण एक गोष्ट नीट बघा. बेचैनी इतकी वाढली की एका जागी बसवतच नाही, झोप पार उडाली, चिडचिड वाढली, मरणाबद्दल बोलायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच घेऊन जा. गोळीचा गुण येईपर्यंतचे आठवडे घरच्यांनी सोबत राहायचे असतात. तो रात्री उठतो म्हणालात ना, कुणीतरी त्याच्या खोलीत झोपा. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात ठेवा नाहीतर गावात दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. हे गोळीपेक्षा आधी करायचं काम आहे.

मांजराकाठ

औषध गोठ्यात होतं. आत्ताच मामाकडं पाठवून दिलं.

उदगीरचा_उनाड

माफ करा पण हे सगळं कंपन्यांचं मार्केटिंग आहे. २०२२ मध्ये लंडनच्या प्राध्यापक बाईंनी, जोआना मॉन्क्रीफ, सगळे जुने अभ्यास तपासून सांगितलं की डिप्रेशनमध्ये मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी असतं याला ठोस पुरावाच नाही. म्हणजे ज्या पायावर गोळी उभी तो पायाच नाही. शेतकऱ्याला कर्ज आहे, भाव नाही, त्याला गोळी देऊन काय होणार? सोयाबीनला भाव द्या, डिप्रेशन जातंय का नाही बघा.

काउंटरवाला

भावाचं खरंय हो. पण भाव मिळालेले पण येतेत माझ्या काउंटरवर, त्यांचं काय करायचं?

रेसिडेंट_ताई

उनाड, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मी नाकारत नाही. "मेंदूत केमिकल कमी झालंय" ही फार ढोबळ गोष्ट होती, कंपन्यांनी ती खूप विकली आणि आम्ही पण पेशंटला सोपं पडावं म्हणून तीच सांगत आलो. पण या औषधांचा इतिहास बघितला तर औषध आधी सापडलं आणि त्याचं कारण नंतर शोधायला घेतलं. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीसाठी इप्रोनियाझिड देत होते, तर पेशंट एकदम उत्साही दिसायला लागले. स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कुन इमिप्रामिन वापरून बघत होते ते स्किझोफ्रेनियासाठी, त्याला काही उपयोग झाला नाही, पण उदास पेशंट सुधारले. सेरोटोनिनचं गणित मागाहून मांडलं गेलं. ते गणित कच्चं निघालं म्हणून गोळी काम करत नाही असं होत नाही, तो वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा तपासलाय.

२०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सिप्रियानी आणि इतर संशोधकांनी पेशंटवर झालेल्या ५२२ औषध-चाचण्या एकत्र करून बघितल्या, २१ औषधं, एक लाख सोळा हजारांच्या वर माणसं. एकवीसच्या एकवीस औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस निघाली. पण किती सरस? सरासरी बघितली तर फरक मध्यम आहे, जादू नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधावर साधारण तिघांतला एकच पूर्ण बरा झाला, बाकीच्यांना औषध बदलावं किंवा जोडावं लागलं. म्हणून पहिली गोळी लागू पडली नाही म्हणजे "आपल्याला गोळीच लागू पडत नाही" असं समजू नये.

आणि सौम्य डिप्रेशनला आम्ही लगेच गोळी देतच नाही किंवा देऊ नये. बोलणं, समुपदेशन, दिवसाला काहीतरी बांधीव काम, झोपेची वेळ, दारू बंद, आणि दोन आठवड्यांनी परत बघणं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ हे पण बघून घ्यायचं, आपल्याकडच्या बायकांमध्ये थकवा आणि उदासी यामागं कधी कधी तेच निघतं. गोळीचा खरा उपयोग मध्यम आणि तीव्र आजारात. जो माणूस जेवत नाही, अंथरुणातून उठत नाही, त्याला नुसतं कर्जमाफीचं सांगून तो उठत नाही. कर्जमाफी पण द्या, नाही म्हणत नाही.

उदगीरचा_उनाड

पटलं नाही पूर्ण, पण उत्तर नीट दिलंत. वाचतो आहे.

सून_परभणीची

आमच्या घरचं सांगते, यावरून काउंटरवाल्या भाऊंचं म्हणणं कळेल.

सासूबाई गेल्या नि सासरे एकदम बसलेच. जेवण निम्म्यावर, कुणाशी बोलणं नाही, टीव्हीवर कीर्तन लागलं तरी बंद करा म्हणायचे. नंदेनं शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बारीक डोसनं एस्सिटॅलोप्राम दिली. बीपीची गोळी आधीपासून चालू होती, टेल्मिसार्टन, ज्याच्या नावापुढं एच असतो ती. आमच्यापैकी कुणालाच त्या एचचा अर्थ माहीत नव्हता.

एप्रिल महिना, परभणीचं ऊन, सांगायला नको. बीपी म्हणून मीठ आम्हीच बंद केलेलं, ठेचा लोणचं काही नाही, आणि उन्हाळा म्हणून ते तांब्यावर तांब्या पाणी प्यायचे. गोळी चालू होऊन दोन आठवडे झाले असतील, एके दिवशी सकाळी मला सासूबाईंच्या नावानं हाक मारली. मला वाटलं आठवण झाली. दुपारी चहाची कपबशी धरता येईना, हात हलायला लागला, संध्याकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडले. शेजारच्या मावशी म्हणाल्या बाहेरचं काहीतरी आहे, ती बाई ओढून नेतेय त्यांना, लिंबू उतरवा. दिरांनी ऐकलं नाही, रात्रीच गाडी काढली.

रक्त तपासलं तर सोडियम ११६. असायला पाहिजे १३५ ते १४५. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा." मी घाईत आत काय काय आहे ते बघितलं नाही, कपाटातली औषधांची पिशवीच उचलून नेली होती, त्यांनी ती पलंगावर उलटी केली. त्यात दोन स्ट्रिपा बाजूला काढल्या, बीपीची एचवाली आणि ही डिप्रेशनची. म्हणाले ही लघवीवाटे सोडियम बाहेर काढते आणि ही शरीरात पाणी धरून ठेवते, त्यात मीठ बंद आणि पाणी भरपूर. सोडियम वाढवताना पण हळूहळूच वाढवलं, म्हणाले एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते. दर काही तासांनी रक्त काढायचे.

आता बरे आहेत. बीपीची गोळी बदलली, डिप्रेशनसाठी दुसरं औषध दिलंय, मिर्टाझापिन, रात्रीचं, त्यानं भूक पण लागते. कीर्तन लावा म्हणतात.

रेसिडेंट_ताई

सून ताई, हे सगळ्यांनी वाचावं म्हणून वर ओढते. तो एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. साठीच्या पुढचा माणूस, त्यात बाई, त्यात वजन कमी, त्यात ही एचवाली गोळी, असं असेल तर एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन या गटातली कुठलीही गोळी चालू करण्याआधी सोडियम बघावं आणि दोन ते चार आठवड्यांनी परत बघावं. साधी तपासणी आहे, तालुक्याला होते. म्हातारं माणूस गोळी चालू झाल्यावर अचानक गोंधळायला लागलं, तोल जायला लागला, तर "वय झालं" म्हणू नका आणि लिंबूही उतरवू नका.

म्हाताऱ्यांचं अजून एक, हृदयाच्या ठोक्याचं. एस्सिटॅलोप्रामच्याच जवळचं सिटॅलोप्राम नावाचं औषध आहे, त्याला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०११ साली डोसची मर्यादा घातली, साठीपुढं २० मिलिग्रॅमच्या वर नाही. हृदयाचा आजार असेल तर ईसीजी काढून घेतलेला बरा.

काउंटरवाला

ताईंनी सोडियमचं सांगितलं, मी दुखण्याच्या गोळ्यांचं सांगतो, ते माझ्या डोळ्यासमोर चालतं.

आमच्या भागातून ऊसतोडीला जाणारे लोक. कंबर, गुडघे, खांदे, सगळं दुखतं, जायच्या आधी डायक्लोफिनॅकच्या स्ट्रिपा पिशवीभर नेतेत. आता त्याच बाईला जर सर्ट्रालिन चालू आसंल तर दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, ॲस्पिरिन आसंल तर आणखी. मी इचारतो, "दुसरं काय चालू हाय?" तर म्हणती "काही नाही". डिप्रेशनची गोळी ही लोकं गोळीत धरतच नाहीत, लाज वाटते सांगायला. काळी संडास झाली, डांबरासारखी, तर थांबू नका म्हून मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरी ट्रामाडॉल. ऑपरेशन झाल्यावर, हाड मोडल्यावर देतेत. ती ह्या गोळ्यांबरोबर जमत नाही. ताई, त्याचं नीट तुम्हीच लिहा.

रेसिडेंट_ताई

दोन्ही सेरोटोनिन वाढवतात, एकत्र आले की ते प्रमाणाबाहेर जाऊ शकतं. अंग थरथरणं, स्नायू ताठरणं किंवा आपोआप उडणं, घाम, ताप, जुलाब, गोंधळ. हे बहुतेक वेळा औषध वाढवल्यावर किंवा नवीन जोडल्यावर काही तासांत, एका दिवसात दिसतं. क्वचित होतं पण झालं तर इमर्जन्सी आहे. शिवाय ट्रामाडॉलनं फिट येण्याचा धोका पण वाढतो. खोकल्याच्या काही सिरपमध्ये डेक्स्ट्रोमिथॉर्फन असतं, ते पण याच यादीत. आणि लिनेझोलिड, जे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला देतात. टीबीच्या पेशंटला उदासी असते, तो डिप्रेशनची गोळी घेत असेल तर टीबीवाल्यांना सांगायलाच पाहिजे.

सून ताईंची पिशवी हीच खरी पद्धत आहे. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक पुड्यासकट.

बीड_बायपास

आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, टॅमॉक्सिफेन चालू आहे. तिला पॅरोक्सेटिन दिली होती एकानं, कॅन्सरच्या डॉक्टरनं बघितल्याबरोबर बदलायला लावली. काय कारण?

रेसिडेंट_ताई

टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर त्याचं कामाचं रूप तयार होतं. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ते तयार होऊ देत नाहीत, म्हणजे कॅन्सरचं औषध लंगडं पडतं. बदलली ते योग्य केलं.

निनावी

नाव टाकत नाही. मुलगा सतरा वर्षांचा, लातूरला नीटच्या क्लासला आहे, होस्टेलवर. आम्ही किनवटकडचे. टेस्टमध्ये मार्क घसरले, फोन उचलेना, मी जाऊन बघितलं तर अंघोळ सुद्धा करत नव्हता. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन दिली. घरी येऊन नेटवर वाचलं की या वयात या गोळीनं आत्महत्येचे विचार वाढतात म्हणून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत छापतात. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. द्यावी की न द्यावी?

रेसिडेंट_ताई

चौकट खरी आहे. २००४ मध्ये मुलांसाठी आली आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंत वाढवली. चाचण्यांमध्ये लहान वयात, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर, असे विचार आणि वागणं थोडं जास्त दिसलं. त्या चाचण्यांमध्ये एकाही मुलानं आत्महत्या केली नव्हती हे पण त्याच्याच सोबत वाचा. आणि उपचार न केलेलं डिप्रेशन या वयात किती घातक असतं ते मी वॉर्डात बघते. मुलांच्या डिप्रेशनसाठी सगळ्यात जास्त पुरावा असलेलं औषध फ्लुओक्सेटिनच आहे, तुमच्या डॉक्टरांनी योग्य निवडलंय.

पण चौकटीचा अर्थ "देऊ नका" असा नाही, "देऊन लांब जाऊ नका" असा आहे. तुम्ही किनवटला आणि तो लातूरला होस्टेलच्या खोलीत, हे पहिला महिना तरी चालणार नाही. एक तर त्याला घरी आणा नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी तिथं खोली घेऊन राहा. दर आठवड्याला डॉक्टरांची भेट. गोळ्यांची स्ट्रिप त्याच्या हातात देऊ नका, रोज एक द्या. आणि त्याला सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट मुलं मोकळी होतात. रात्री अपरात्री काही वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

क्लासचा विचार नंतर करा. नीट पुढच्या वर्षी पण असते.

निनावी

उद्या सकाळच्या गाडीनं त्याची आई जातेय.

गेवराई_एक्सप्रेस

मला एक विचारायचंय, हसू नका. बायकोजवळ जायची इच्छाच राहिली नाही आणि गेलं तरी... काही होत नाही लवकर. गोळी चालू झाल्यापासून. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, त्यांच्याकडं माझ्या गावचाच कंपाउंडर आहे.

उदगीरचा_उनाड

भाऊ, काही लोक मेडिकलमध्ये पैसे देऊन हेच "लवकर होत नाही" विकत घेतात.

रेसिडेंट_ताई

उनाड, गंमत खरी आहे, त्या कामासाठी वापरतात ते डॅपॉक्सेटिन याच गटातलं आहे. पण गेवराई, तुमचा त्रास खरा आहे आणि खूप कॉमन आहे, पुरुषांना आणि बायकांना दोघांनाही. बायका तर कधीच सांगत नाहीत. याच कारणानं कितीतरी लोक गुपचूप गोळी सोडतात आणि चार महिन्यांनी आजार परत घेऊन येतात. उपाय आहेत, डोस कमी करता येतो, मिर्टाझापिन किंवा ब्युप्रोपिऑनसारख्या औषधांत हा त्रास कमी आहे. ब्युप्रोपिऑन फिट्स येणाऱ्याला चालत नाही, म्हणून स्वतः बदलू नका. कंपाउंडरची अडचण असेल तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. आम्हाला चालतं.

शाळा_सुटली

मी शिक्षिका. व्हेनलाफॅक्सिन चालू होती, चांगला गुण होता. पुतणीच्या लग्नाला नांदेडला गेले आणि गोळ्या घरीच राहिल्या. दुसऱ्या दिवशी हळदीत उभी असताना मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं झर्रकन व्हायचं, चक्कर, घाम, रडू यायचं कारण नसताना. पाहुणे म्हणाले भावनिक झाली. मी मनाशी म्हटलं, झालं, आता या गोळीचं व्यसन लागलं आपल्याला. गावी आल्यावर गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी साफ. तर हे व्यसन नाही का?

रेसिडेंट_ताई

नाही. व्यसनात डोस वाढवत न्यावासा वाटतो, ओढ लागते, तसं इथं होत नाही. पण शरीराला सवय झालेली असते, एकदम काढली की ते ओरडतं. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन यांचं सगळ्यात वाईट, कारण ती शरीरातून लवकर जातात. फ्लुओक्सेटिन आठवडे आठवडे रेंगाळते म्हणून तिचं कमी. बंद करायची ती काही आठवडे किंवा महिने घेऊन, पायरीपायरीनं, आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, वारंवार होत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. "बरं वाटलं म्हणून सोडली" यातला धोका हाच.

व्यसनाचं खरं प्रकरण वेगळंच आहे आणि काउंटरवाल्यांना ते माहीत असणार.

काउंटरवाला

माहीत नसायला काय झालं. एस्सिटॅलोप्राम आन क्लोनाझेपाम एकाच गोळीत येतेत, आपल्याकडं ती लई चालती. पहिल्याच रात्री झोप लागती ती त्या क्लोनाझेपामनं, माणूस खूश, म्हणतो "हीच गोळी पाहिजे, मागच्या वेळची". डॉक्टरनं लिहिलेली असती दोन-चार आठवड्यासाठी आन माणूस घेतो तीन तीन वर्षं. ही क्लोनाझेपाम आन अल्प्राझोलाम, ह्यांची सवय लागती, डोस वाढवावा वाटतो, म्हातारी माणसं रात्री उठली की पडतेत, दारूसंगं घेतली तर श्वासावर येतं. आन बंद एकदम केली तर फिट येऊ शकती. म्हंजे आईबाप ज्या गोळीला भितेत, डिप्रेशनच्या, तिचं व्यसन नाही, आन जिला "झोपेची साधी गोळी" म्हणतेत तिचं आहे.

चिठ्ठी नसताना मागणाऱ्याला मी देत नाही, शिव्या खातो. तो शेजारच्या दुकानातून घेतो. काय करता.

मांजराकाठ

आमच्या चुलतभावाचं वेगळंच झालं होतं. डिप्रेशन म्हून गोळी दिली आन महिन्याच्या आत गडी रात्रभर जागा, बडबड, दोन बैलजोड्यांचा सौदा, एका जुन्या ट्रॅक्टरला इसार देऊन मोकळा. घरात बैल बांधायला गोठा नाही.

रेसिडेंट_ताई

ते बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी असा अतिउत्साह, असा आजार. आधी कधी असा "वर" गेलेला काळ होता का, घरात कुणाला होता का, हे विचारल्याशिवाय डिप्रेशनची गोळी देऊ नये. पेशंट स्वतः सांगत नाही, त्याला तो काळ मस्त वाटलेला असतो, म्हणून घरचं माणूस सोबत लागतं. अशांना आधी मूड स्थिर ठेवणारं औषध लागतं. तुमच्या सख्ख्या भावाच्या डॉक्टरांना चुलतभावाचं हे सांगितलंय का?

मांजराकाठ

नाही. इचारलंच नव्हतं. सांगायला पाहिजे का?

रेसिडेंट_ताई

हो, पुढच्या भेटीत नक्की. आणि भाऊ अचानक कमी झोपूनही ताजातवाना दिसायला लागला, खर्च करायला लागला, तर भेटीची वाट न बघता.

औंढ्याची_लेक

मी पाच महिन्यांची गरोदर, सर्ट्रालिन चालू आहे, सासू म्हणते बाळाला बाधेल, बंद कर. काल घेतली नाही.

रेसिडेंट_ताई

आज घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. गरोदरपणात एकदम बंद करणं हे बऱ्याचदा चालू ठेवण्यापेक्षा जास्त त्रासाचं ठरतं, आजार उलटला तर आईचं खाणं, झोप, तपासण्या सगळंच बिघडतं. पॅरोक्सेटिन पहिल्या तीन महिन्यांत शक्यतो टाळतात, बाळाच्या हृदयाच्या शंकेमुळे. सर्ट्रालिन बऱ्यापैकी वापरली जाते, दूध पाजतानाही पहिली पसंती तीच असते कारण दुधात फार कमी उतरते. फक्त बाळंतपणाच्या दवाखान्यात आधी सांगून ठेवा, जन्मल्यावर बाळावर एकदोन दिवस नीट लक्ष ठेवतात. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा, डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं की घरातलं भांडण मिटतं.

काउंटरवाला

एक राहिलं ते सांगतो. ॲमिट्रिप्टिलिन. दहा मिलिग्रॅमची, पायाची आग, अर्धशिशी, झोप, सगळ्यालाच देतेत, स्वस्त आहे, जुनी आहे, चांगली आहे. पण ही जुन्या गटातली, प्रमाणाबाहेर गेली तर थेट हृदयावर येती, नव्या गोळ्यांपेक्षा लई धोक्याची. प्रोस्टेटवाल्या म्हाताऱ्याची लघवी अडती, काचबिंदूवाल्याचा डोळा दुखतो. ज्या घरात कुणी जिवाचं बरंवाईट बोलतं त्या घरात आजीच्या ह्या गोळ्या देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवू नका, लेकरं पण खातेत. आन मी तर म्हणतो एका टायमाला महिन्यापेक्षा जास्त नेऊच नका.

गेवराई_एक्सप्रेस

कागदावर लिहून दिलं आज. डॉक्टर हसले नाहीत. डोस कमी केलाय, महिन्यानं बोलावलंय.

मांजराकाठ

ताई, शेवटचं. काल रात्री भावाची गोळी चुकली, शेतात मुक्काम होता. आज दोन द्यायच्या का?

रेसिडेंट_ताई

नाही, दोन कधीच नाही. सकाळी आठवलं असतं तर तेव्हाच दिली असती तरी चाललं असतं, आता रात्र होत आलीये तर नेहमीच्या वेळेला नेहमीची एकच द्या. शेतात मुक्कामाला जाताना चार गोळ्या त्याच्या नाही, तुमच्या खिशात ठेवा.

मांजराकाठ

ठेवतो. काल पहिल्यांदाच स्वतःहून इचारलं त्यानं, हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं म्हून. मंगळवारी भेट आहे, तेव्हा चुलतभावाचं सांगतो.